बदक पडतं ते पिक्चर ट्यूबवरच

सपाट टीव्हीवर बदक मरत नाही. बंदूक तीच, कॅसेट तीच, यंत्र तेच, नेम अगदी चोचीवर धरलेला. तरी घोडा ओढला की पडदा क्षणभर लुकलुकतो, बदक फडफडत वर निघून जातं आणि गवतातून तो कुत्रा तोंडावर पंजा धरून हसत वर येतो. १९९०च्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणाच्या तरी हॉलमध्ये दाटीवाटीने बसून ज्यांनी ‘डक हंट’ खेळला आहे, त्यांना ते हसू वेगळं सांगायला नको.

अलीकडे माळ्यावरून अशी बरीच खोकी खाली उतरत आहेत. जुन्या गेमचं वेड परत आलं आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. यंत्र सुरू होतं, मारिओ धावतो, ‘कॉन्ट्रा’तले दोघे गोळ्या झाडत सुटतात, सगळं ठीक चालतं. फक्त बंदूक मुकी राहते. मग ती उघडून पाहिली जाते, तारा तपासल्या जातात, शेवटी ‘बंदूक गेली’ म्हणून कचऱ्यात टाकली जाते. यातल्या कितीतरी बंदुका धडधाकट असतात. बदललेला असतो तो टीव्ही.

हा गेम पुन्हा नीट खेळायचा म्हणून मी जुना टीव्ही शोधायला लागलो आणि शोधता शोधता एक गोष्ट पक्की होत गेली. हा गेम कॅसेटमध्ये पूर्णपणे कधी नव्हताच. त्याचा निम्मा भाग पिक्चर ट्यूबमध्ये होता. कॅसेटमधला मजकूर आज संगणकावर उतरवून ठेवलेला आहे, तो हरवणार नाही. पिक्चर ट्यूब मात्र दर आठवड्याला हातगाडीवरून भंगारात चालली आहे.

आधी बंदुकीचं काम समजून घेऊ, कारण त्यातच सगळी गंमत आहे. या बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. किरण नाही, इशारा नाही. नळीच्या तोंडाशी एक भिंग असतं आणि त्याच्या मागे उजेड ओळखणारा फोटोडायोड. बंदूक फक्त बघते. घोडा ओढला की यंत्र पुढच्या चित्रात सगळा पडदा काळा करतं. बंदुकीला आता अंधार दिसायला हवा. लगेच त्याच्या पुढच्या चित्रात बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन येतो, बाकी सगळं काळंच. आत्ता बंदुकीला उजेड दिसला तर बदक पडलं, नाही दिसला तर नेम चुकला. म्हणजे गोळी सुटते ती बदकाकडून, बंदूक ती झेलते. पडद्यावर दोन बदकं असली तर काळ्या चित्रानंतर आधी एकाचा चौकोन, मग दुसऱ्याचा; उजेड कोणत्या पाळीला आला यावरून कोणतं बदक पडलं ते यंत्राला कळतं. बंदुकीला स्वतःला काहीच ठाऊक नसतं. आपण पडद्याच्या कोणत्या कोपऱ्याकडे रोखलो आहोत हेही नाही. तिच्याकडे उत्तरं दोनच, दिसलं किंवा नाही दिसलं. प्रश्न नेमक्या वेळी विचारला जातो म्हणून ती दोन उत्तरं पुरतात.

हे वर्षानुवर्षं वाचून माहीत होतं, पण डोळ्यांनी पाहिलं ते एका मित्राच्या घरी. एकवीस इंची ट्यूबचा टीव्ही, तिपाईवर मोबाइल लावलेला, सेकंदाला २४० चित्रं टिपणाऱ्या स्लो मोशनमध्ये. पहिला धक्का असा की पडद्यावर पूर्ण चित्र कधीच नसतं. उजेडाचा एक पट्टा वरून खाली सरकत असतो. त्याच्या खाली काळोख, वरचा भाग विझत चाललेला. कुत्रा, झाड, गवत सगळं आपल्या डोळ्यात जुळतं, काचेवर नाही. मित्राने घोडा ओढला. निळं आकाश गेलं, झाड गेलं, गवत गेलं. पट्टा फिरत असणार, पण त्याला दाखवायला काही नव्हतं. मग उजव्या बाजूला वर, जिथे बदक होतं, तिथे पांढरा चौकोन उमटला. उमटला तसा लगेच मावळायलाही लागला. पुढच्या फेरीला आकाश परत आलं आणि बदक पंख पसरून हवेत थिजलेलं. त्याचा निकाल लागून गेला होता. आमच्यापैकी कुणाची पापणी तोवर लवलीही नव्हती.

आपल्या दूरदर्शनच्या पद्धतीत चित्र ६२५ रेषांचं आणि पडद्यावर सेकंदाला ५० फेऱ्या. म्हणजे एक फेरी २० मिलिसेकंदांची आणि सेकंदाला १५,६२५ रेषा. अमेरिका आणि जपानमध्ये ५२५ रेषा आणि ६० फेऱ्या. ट्यूबच्या मानेतून निघणारा इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या लेपावर एकेक रेषा ओढत जातो. तो जिथे पडतो तिथेच उजेड, तोही पुढे सरकला की लगेच मंदावणारा. यंत्राने पाठवलेला सिग्नल झोतापर्यंत पोचायला मध्ये कुठे थांबत नाही. टीव्हीकडे चित्र साठवून ठेवायला जागाच नाही. म्हणून झोत आत्ता कुठे आहे हे यंत्राला पक्कं माहीत असतं. हा गेम काढणाऱ्या निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या मूळ बंदुकीतलं सर्किट तर याच ठेक्याला, सेकंदाला सुमारे पंधरा हजारांच्या लुकलुकीला, जुळवलेलं होतं. त्यामुळे खिडकीतलं ऊन किंवा छताचा बल्ब तिला फसवू शकत नसे.

सपाट टीव्हीत ही दोन्ही गणितं मोडतात. आलेलं चित्र तो आधी साठवतो, आपल्या पडद्याच्या मापात ताणतो, मग दाखवतो. पांढरा चौकोन पडद्यावर येईपर्यंत यंत्राची विचारण्याची वेळ टळून गेलेली असते. शिवाय त्याचा उजेड पडद्यामागच्या दिव्यांचा. त्यात रेषेमागून रेष येण्याचा तो ठेका नाही. अगदी शेवटी आलेले महागडे ट्यूबचे टीव्ही, सेकंदाला १०० फेऱ्या मारणारे, तेही याच कारणाने नापास होतात, कारण तेसुद्धा चित्र आधी आत साठवून घेतात. या कामाला साधा, स्वस्त सेटच लागतो.

बंदूक आणि बदक ही जोडी टीव्हीवरच्या गेमपेक्षा जुनी आहे. ज्यूकबॉक्ससाठी प्रसिद्ध असलेल्या शिकागोच्या सीबर्ग कंपनीने १९३६ मध्ये ‘रे-ओ-लाइट’ नावाचा नेमबाजीचा खेळ आणला. त्यात बंदुकीतून प्रकाशाचा झोत निघायचा आणि सरकणाऱ्या बदकाच्या अंगात उजेड ओळखणारी नळी बसवलेली असायची. १९७२ मध्ये अमेरिकेत आलेल्या मॅग्नावॉक्सच्या ‘ओडिसी’ या गेमच्या यंत्रासाठी टीव्हीवर रोखायची रायफल वेगळी विकत मिळे, तोवर बाजू उलटली होती, आता बंदूक बघत होती. ती रायफल बल्बकडे रोखली तरी नेम लागल्याचं दाखवायची.

खरी गोष्ट क्योटोची आहे. निन्टेन्डो १८८९ पासून तिथे पत्ते छापत होती. १९६५ मध्ये गुनपेई योकोई नावाचा तरुण तिथे यंत्रांच्या देखभालीला लागला. फावल्या वेळात त्याने लांब होणारा एक खेळण्यातला हात केला, मालक हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला आणि १९६६ मध्ये बाजारात आणला. पुढे शार्प कंपनीतून मासायुकी उएमुरा प्रकाशघट घेऊन निन्टेन्डोकडे आले. उजेड पडला की वीज देणारी ती चकती योकोईंनी खेळण्यात बसवली आणि १९७० मध्ये प्रकाशाच्या बंदुकांची खेळणी निघाली. उएमुरा नंतर निन्टेन्डोतच दाखल झाले. जपानमध्ये बोलिंगची लाट ओसरून मोठमोठी सभागृहं रिकामी पडली होती, त्यांत १९७३ मध्ये कंपनीने प्रकाशाच्या बंदुकांची नेमबाजी सुरू केली. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, मागण्या रद्द झाल्या, कंपनी कर्जात बुडाली. १९७६ मध्ये ‘डक हंट’ याच नावाचं एक खेळणं आलं, भिंतीवर उडत्या बदकाचं चित्र पाडणारं. मग जुलै १९८३ मध्ये टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, फॅमिकॉम, आलं, ज्याची रचना याच उएमुरांच्या हाताखाली झाली होती, आणि एप्रिल १९८४ मध्ये टीव्हीवरचा ‘डक हंट’.

योकोईंचं एक तत्त्व प्रसिद्ध आहे: मुरलेलं, स्वस्त झालेलं, खाचाखोचांसकट माहीत असलेलं तंत्र घ्यायचं आणि ज्या कामाचा कुणी विचार केला नसेल त्या कामाला लावायचं. बदकांच्या गेमइतका त्याचा नितळ दाखला मला दुसरा माहीत नाही. फोटोडायोड जुना, टीव्ही जुना, दोघेही कुणाच्याही घरी असतील असे. बुद्धी लागली ती फक्त दोन फेऱ्यांमधल्या त्या अंधारासाठी. योकोई १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. उएमुरा पुढे क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात शिकवत होते, ते २०२१ मध्ये गेले. बहुतेक वेळा यंत्राबरोबरच दिल्या गेलेल्या या गेमच्या जगभरात २ कोटी ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

आपल्या हातात पडल्या त्या नकला. तैवान आणि चीनमधून आलेली फॅमिकॉमसारखी यंत्रं ‘मीडिया’, ‘लिटिल मास्टर’ अशा नावांनी दुकानात असायची, सोबत पिवळी कॅसेट आणि तिच्यावर शेकड्यात किंवा हजारात गेमचा आकडा. प्रत्यक्षात तेच ते गेम नाव बदलून पुनःपुन्हा. अमेरिकेतली करडी बंदूक १९८०च्या दशकाच्या शेवटी नारिंगी झाली, कारण खेळण्यातली बंदूक खरी वाटू नये असा तिथे नियम आला. आपल्याकडे काळं पिस्तूल चालूच राहिलं. गल्लीत कुणी तरी व्हिडिओ गेम भाड्याने देणारा असायचा. तो घरी यायचा, अँटेनाची वायर काढून आपली लावायचा आणि मुंग्यांमधून चॅनल शोधायचा. कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची, पुन्हा दाबायची. बंदुकीवरून भांडणं ठरलेली. नळी थेट काचेला टेकवून उभा राहणारा प्रत्येक घरात एक असे. काचेजवळ गेलं की हातावरचे केस उभे राहायचे आणि आतून आवाज यायचा, ‘मागे हो, डोळे जातील!’

त्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट सांगतो. एकेक बदक येणाऱ्या पहिल्या प्रकारात, बंदुकीच्या जोडीला लावलेल्या रिमोटने बदक हलवता येतं. ज्याच्या वाट्याला बंदूक आली नाही त्याने बदक व्हावं आणि जीव वाचवावा, अशी सोय यंत्रात मुळातच होती. आजही कुणाला हे दाखवलं की खोलीत आरडाओरडा होतो.

आणखी एक. हा गेम ६० फेऱ्यांच्या टीव्हीसाठी लिहिलेला. ज्या नकलांमधली चिप आपल्या ५० फेऱ्यांच्या टीव्हीसाठी होती, त्यांच्यावर तो सहाव्या हिश्शाने संथ चालायचा. आपली बदकं क्योटोच्या बदकांपेक्षा सावकाश उडायची. मी दोन्ही वेग शेजारी लावून पाहिले. मूळ वेगातली बदकं हाताला परकी वाटली.

टीव्ही मिळाला तो पुण्यातल्या एका पेठेत, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एकावर एक सेट रचलेले, त्यात ओनिडा होता, व्हिडिओकॉन होते. व्हिडिओकॉन म्हणजे आपल्या औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची, कंपनी. एके काळी महाराष्ट्रातल्या किती हॉलमध्ये तिचा सेट होता हे आठवून बघा; २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

‘काका, बंदुकीचा गेम खेळायचाय, त्याला चालेल असा सेट हवा,’ मी म्हणालो.

काकांना नवल वाटलं नाही. ‘एकवीस इंची घ्या. फ्लॅट नको, जुना फुगीर घ्या. पण ट्यूब वीक नको, नाहीतर बंदूक घेत नाही.’

मी इतकं वाचून गोळा केलेलं त्यांनी तीन वाक्यांत संपवलं. ट्यूब म्हातारी झाली की पांढरा रंग राखाडी पडतो आणि चौकोनाचा उजेड बंदुकीला पुरत नाही. मागच्या काळात मुलं बंदूक घेऊन येत आणि ते बंदुकीला हात न लावता घरी जाऊन टीव्हीचा ब्राइटनेस वाढवून देत.

त्यांनी एक सेट पालथा घातला, मागचं झाकण काढलं. ‘हात मागे. आधी डिस्चार्ज करू द्या.’ ट्यूबच्या पाठीवर, काचेला चिकटलेली रबरी टोपी असते, तिच्यातून वीसपंचवीस हजार व्होल्ट आत जातात आणि सेट बंद केल्यावरही ते आत बसून राहू शकतात. काकांनी स्क्रूड्रायव्हरला बांधलेली वायर ट्यूबच्या अर्थिंगच्या जाळीला अडकवली, एक हात खिशात घातला आणि टोक टोपीखाली सरकवलं. चट् असा आवाज झाला. मग ते निवांत बोलू लागले. ईएचटी, म्हणजे ते हजारो व्होल्ट तयार करणारा ट्रान्सफॉर्मर, गेला की दुसऱ्या सेटचा काढून बसवायचा. लाइन ट्रान्झिस्टर उडतो, तो अजून मिळतो. ड्राय सोल्डर तर हमखास. ट्यूब थोडी वीक असेल तर फिलामेंटचा व्होल्टेज जरासा वाढवून काही दिवस ढकलता येतात. योक, म्हणजे झोत वळवणारी गुंडाळी, तिच्याखालच्या रबरी पाचरी आणि ट्यूबच्या मानेवरच्या चुंबकाच्या कड्या फिरवून तीन रंग एकमेकांवर बसवायचे असतात. त्यांनी पडद्यावर पांढऱ्या रेघांची जाळी आणून मला ते करून दाखवलं. लाल रेघ पांढरीच्या बाहेर केसभर डोकावत होती. एक कडी जेमतेम सरकली आणि ती आत गेली. पुन्हा करताना बोटांनी शोधून सापडेल असं हे काम आहे. मला लिहून घेता आलं नाही.

नवी ट्यूब आता येत नाही. गाझियाबादला समटेलसारखे ट्यूब बनवणारे कारखाने होते, ते बंद पडले. एक सेट जगवायला दुसरा मोडावा लागतो, आणि मोडायलाही आता सेट कमी पडायला लागले आहेत.

यावर पर्याय आहेत आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. २०१४ मध्ये निन्टेन्डोने स्वतः हा गेम आपल्या तेव्हाच्या यंत्रावर आणला, बंदुकीऐवजी इन्फ्रारेड ओळखणारा रिमोट देऊन. ‘सिंडेन’ नावाच्या बंदुकीत कॅमेरा आहे. गेमभोवती पांढरी चौकट आखायची, कॅमेरा ती पाहतो आणि नेम कुठे आहे ते मोजतो. सपाट टीव्हीवर ती खरोखर चालते. संगणकावर माउसने बदकं टिपणंही आहेच. या सगळ्यांना नेमाची जागा मोजावी लागते. जुन्या बंदुकीला काहीच मोजावं लागत नव्हतं, आणि तो अंधार या नव्या साधनांना लागतच नाही. तो काढून घेतला की राहतात ती बदकं उडवणारी छान चित्रं.

पुण्यात दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास घराघरांतल्या रोजच्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी. त्या वेळी कुणालाही त्या जपण्यासारख्या वाटत नव्हत्या. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्या पाहायला रांग लागते. टीव्ही आणि व्हिडिओ गेमसाठी असा माणूस आपल्याला आत्ता हवा आहे. आणि त्याचं काम केळकरांपेक्षा एका बाबतीत अवघड असेल. अडकित्ता काचेच्या कपाटात ठेवला तरी सुपारी कशी कातरायची ते कळतं. बंद टीव्हीशेजारी ठेवलेल्या बंदुकीवरून काहीही कळत नाही. संग्रहालयाला सेट चालू ठेवावा लागेल, आणि त्यासाठी जिन्याखालच्या खोलीतल्या माणसाला पगार देऊन बोलवावं लागेल, त्याच्या हाताखाली दोन तरुण बसवावे लागतील, चुंबकाच्या कड्या फिरवणारी त्याची बोटं जवळून चित्रित करावी लागतील. अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांना प्रकल्प म्हणूनही हे देता येईल. झोत, लेप, रेषा, वेळ हे सगळं शिकायला दोन बदकं आणि एक पिस्तूल यांच्याइतकं सोपं साधन मिळणार नाही.

तोवर घरात ट्यूबचा टीव्ही असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत घाई करू नका. आधी लावून बघा. सुरू करताना ढम्म असा आवाज येऊन चित्र थरथरलं तर घाबरू नका, पडद्यावरचं चुंबकत्व घालवणारी कॉईल चालते आहे असा त्याचा अर्थ. चित्र स्वच्छ आणि पांढरा रंग पांढरा दिसत असेल तर सेट ठेवण्याजोगा आहे. मागचं झाकण स्वतः उघडू नका. उचलताना काच छातीकडे धरा, सगळं वजन पुढच्या बाजूला असतं. जागाच नसेल आणि द्यायचाच असेल तर भंगारवाल्याआधी जवळच्या टीव्ही मेकॅनिकला विचारा. भंगारात ट्यूब फोडली जाते आणि तिच्या काचेत शिसं असतं, ते मातीत जातं. मेकॅनिककडे तोच सेट चालू राहतो, किंवा त्याच्या ईएचटीवर दुसरा चालतो. साधा, फुगीर, एकवीस इंची आणि मागे व्हिडिओची पिवळी पिन असलेला असेल, तर पेठेतल्या काकांना तो बंद पडलेलाही चालतो.